उसन्या खुर्च्या

प्रिय भिंगरे,

सगळ्यांत आधी आली ती गल्लीतली नर्सबाई, तीही चपला हातात घेऊन, कारण मी नुकतीच फरशी पुसलेली. मागून कचेरीतले साहेब, आणि शेवटी धापा टाकत शिवणकारखान्याची मालकीण. आपला जिना म्हणजे काय थट्टा आहे? त्या दिवशी तू कारखान्यात शिवणाची परीक्षा द्यायला गेली होतीस, म्हणून तुला हे ठाऊक नाही. कारखान्यात कामावर घ्यायच्या पोरींची यादी म्हणे कुणा एकट्याची नाही. कचेरी, कारखाना आणि गल्ली, तिघांनी मिळून घर बघायचं आणि गरज दिसली तरच नाव चढवायचं.

मला कोण आनंद! आपल्याकडे एवढी माणसं येतात कधी? आदल्या रात्रीच सुताराकडून खुर्च्या आणल्या होत्या, त्याच्या बायकोचा टेबलपंखा आणला होता. साहेबांनी विचारलं, आजी, घर कसं चालतं? मी म्हटलं, झकास, कशाला काही कमी नाही. नर्सबाईने डोळे वटारले, तर मी तिलाच म्हणते, अगं बिस्कीट घे की! जिन्यात तिने त्यांना खरं काय ते सांगून पाहिलं. पण साहेब म्हणाले, घरची मोठी बाई खोटं कशाला बोलेल?

यादीत तुझं नाव नव्हतं. तुला वाटलं, आपली शिलाईच वाईट. परीक्षेचा तो सदरा तू टाका टाका उसवत बसलीस आणि मी शेजारी बसून दोरे वेचत राहिले. मग तू लांबच्या शहरात दुसऱ्यांची पोरं सांभाळायला गेलीस. सुयांचा डबा घेतलाससुद्धा नाहीस.

परवा तिघांची बैठक होती, तिथे गेले. म्हटलं, खुर्च्या उसन्या, पंखा उसना, बढाई तेवढी घरची. मालकीण हसली. म्हणाली, त्या पोरीची काजं मला अजून आठवतात, पन्नास जणींत तशी कुणाची नव्हती.

एवढ्यासाठीच लिहायला बसले. अक्षर लागत नसेल तर कुणाकडून वाचून घे, पण हे वाच: तुझा हात चांगला आहे. चुकलं ते माझं. जागा उरली असेलच असं कुणी म्हणालं नाही, आणि तिथली माणसं तुला सोडतील का, तेही मला कळत नाही. तिघंही पुन्हा घर बघायला येणार आहेत. गुरुवारी, सकाळी दहाला.

तुझीच, तोंड दाखवायला लाजणारी,
आजी