शेवटच्या वाघिणीची हवा

दादा, गेल्या आठवड्यात मी यार्डात गेलो होतो. तुम्ही जिथे तीस वर्षं रुळांच्या कडेने चालत होतात, तिथेच. रेल्वे कामगारांची सभा दोन दिवसांवर आली होती, मुख्य वक्ता मी, आणि भाषणासाठी मला डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी हवं होतं. खरं तर मला चूक हवी होती. मी कुठेही गेलो की आधी चूक शोधतो. कागदावर सही दिसली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, ह्यानं पाहून केली असेल का? ही खोड मला तुमच्यामुळे लागली. तुमच्यावर संशय घेता घेता लागली.

तो दिवस मला स्वयंपाकघरातूनच आठवतो. आई भाकरी थापतेय, तुम्ही ताटापुढे बसलायत आणि जेवत नाही. आदल्या दिवशी तुम्ही तपासून सोडलेली मालगाडी सिग्नल ओलांडून पुढे गेली होती आणि उभ्या पॅसेंजरच्या शेवटच्या डब्यापासून काही हातांवर थांबली होती. कुणी मेलं नाही. पण गाडीच्या मधोमध, हवेच्या नळावरचा कॉक बंद सापडला. म्हणजे ड्रायव्हरने ब्रेक लावला तो पुढच्या अर्ध्या गाडीला लागला, मागच्या वाघिणींना, म्हणजे मालडब्यांना, ब्रेक नव्हताच. आणि सगळ्या गाडीचे ब्रेक ठीक आहेत, ह्या कागदावर सही तुमची. उमेदीची सगळी वर्षं तुम्ही छोट्या रुळांवर, व्हॅक्यूमच्या ब्रेकवर काढलेली. तिथे नळातली हवा शोषून घेतली की ब्रेक सुटायचे. मोठे रूळ आले आणि सगळं उलटं झालं. आता नळात हवा दाबून भरायची, आणि तो दाब उतरला की ब्रेक लागणार. थोड्या दिवसांचं ट्रेनिंग घेऊन तुम्ही नव्या कामावर उभे राहिला होतात. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी विचारलं.

"तुम्ही शेवटच्या वाघिणीपर्यंत गेल्ता का?"

"गेल्तो."

"मंग?"

"मंग काय? शेवटचा कॉक उघडला. हवा आल्ती. मी ऐकली."

"मधला कॉक बंद असल्यावर शेवटाला हवा येईल कुठून, दादा?"

तुम्ही ताटाकडे बघत राहिलात. आई म्हणाली, "वकील झालास का रे? जेवू दे बापाला." मी तेव्हा कॉलेजच्या वादविवादांत ढाली जिंकत होतो. समोरचा गप्प बसला की आपण जिंकलो, एवढंच मला कळत होतं. तुम्ही गप्प बसलात.

तुमचा सही करायचा हक्क काढून घेतला. उरलेली वर्षं तुम्ही स्टोअरमध्ये बसून दुसऱ्यांच्या हातात पाने आणि ब्रेकचे ठोकळे देत राहिलात. आणि मी? मी त्या सहीवर उभा राहिलो. वाटूरच्या फाट्यावर, तीर्थपुरीच्या बाजारात, धरणावर बोलायचं असो की दवाखान्यावर, माझा एक दाखला ठरलेला: जागेवर न जाता सही करणारा माणूस. नाव कधी घेतलं नाही. तीर्थपुरीला तुम्ही चहाच्या टपरीमागे उभे राहून ऐकत होतात. परतताना एसटीत म्हणालात, "लई हवा भरलीय तुझ्यात. गळती कुठंच न्हाई." मी हसलो. टोमणा आहे का शाबासकी, ह्याचा आजही निकाल लागलेला नाही.

यार्डात मला काम दाखवायला एक फिटर होती, तिशीतली, डोक्यावर हेल्मेट, हातमोजे काळे झालेले. मी तिलाही उलटसुलट विचारत होतो. शेवटी तुम्हाला विचारलेला प्रश्न तिला विचारला, मधला कॉक बंद असल्यावर शेवटाला हवा येईल कुठून? दुरुस्तीला उभ्या असलेल्या, हवा भरलेल्या वाघिणींच्या रांगेत मधला एक कॉक तिने बंद केला आणि मला पार शेवटपर्यंत चालवत नेलं. शेवटचा कॉक उघडला. फस्सकन हवा आली, कपड्यांवर धूळ उडाली.

"आली की," मी म्हणालो.

"जल्दी काय हाय, काका? मोजा."

सात-आठ मोजेपर्यंत तो आवाज बारीक झाला आणि बंद पडला.

"ही मागं कोंडलेली हवा. इंजिनाची न्हाई. पहिल्या आवाजाला फसायचं न्हाई. वीस मोजेस्तोवर सलग येऊन राह्यली, तरच बराबर. पहिले लोक फसायचे. हवा सोडली की मागचे ब्रेक चिकटायचे, ते दांडी ओढून मोकळे करायचे अन् गाडी सोडायचे. मागं मंग ब्रेक लावायला हवाच उरायची न्हाई."

दादा, जो शेवटच्या वाघिणीपर्यंत गेलाच नाही, त्याला ती हवा ऐकू आलीच नसती.

तुम्ही गेला होतात. थांबला नाहीत, ही तुमची चूक, आणि ती लहान नाही. त्या पॅसेंजरमध्ये माणसं होती. पण मी तुमच्यावर ठेवलेला आळ वेगळा होता.

आता मला दुसराच संशय छळतो. तुम्ही रिटायर झाल्यावर, आपल्या गल्लीत आठवड्यानं नळ यायचा तेव्हा, हंडा बाजूला धरून तुम्ही नुसते उभे राहायचात. ओठ हलायचे. आई ओरडायची, "भरा की आता." तुम्ही म्हणायचात, "थांब, टिकून राह्यतं का बघू." मला वाटायचं, वय झालं. तुम्ही मोजत होतात ना? म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला कधीतरी सापडलं होतं. मग जिवंतपणी मला का नाही दिलंत? अर्धी चूक माफ करून घेणं तुम्हाला कमीपणाचं वाटलं, का तुमचं वाक्य संपेपर्यंत मी थांबेन ह्याचा भरवसा नव्हता? मला ह्यातलं दुसरं कारण खरं वाटतं.

आईला आता नीट ऐकू येत नाही. तिला हे मोठ्यानं सांगावं लागेल, आणि मोठ्यानं बोलणं हा तर माझा धंदाच आहे. तरी अजून सांगितलेलं नाही.

आणि सभा यार्डानंतर दोन दिवसांनी झाली. तुमचा तोच दाखला मी त्यातही दिला. तोंडात बसलेला आहे तो, ओघात आला. टाळ्या पडल्या, आणि त्या संपेपर्यंत मी थांबलो.