चार ऑगस्टची फिल्म

नरपड,
१० जानेवारी १९६५

प्रिय देवजीदादा,

तुझं कार्ड मंगळवारी मिळालं. वेरावळला थंडी आहे, बोटीचं नवं इंजिन चांगलं चालतं आणि तू खुशाल आहेस, हे कळलं. ऑगस्टपासूनचं हे चौथं कार्ड. चारही कार्डांत आईच्या पाठीबद्दल एक शब्द नाही. ही तक्रार नाही, नुसती नोंद. आई प्रत्येक कार्ड माझ्याकडून दोनदा वाचून घेते आणि मग म्हणते, "संपलं? मागच्या बाजूला बघ की गो." मागच्या बाजूला पत्ता असतो.

ती आता बहुतेक वेळ खाटेवरच असते. सकाळी मी तिला कुशीवर वळवते, मग पाय खाली सोडते, मग उठवते. एवढ्याला दहा मिनिटं लागतात आणि ती त्या दहा मिनिटांत आवाज करत नाही, फक्त माझा दंड धरते. दाराच्या चौकटीतल्या खिळ्याला पूर्वी तिचा अंबाडा लागायचा, आठवतं? आता खिळा चार बोटं वर राहतो. बोंबील वाळत घालायच्या वरच्या बांबूपर्यंत तिचा हात पोचत नाही. अंगणात बसून ती शेजारच्या पुतळीकाकूला बोंबील घालायला सांगते आणि काकूने घातलेला एकही तिला पसंत पडत नाही. "पुतळे, वाळत घालतेस की फेकतेस?" काकू म्हणते, "उठ आणि घाल मग." दोघी हसतात. मग आई मान वळवते.

तू पायाळू, म्हणून लहानपणी आपल्या ओट्यावर कशी रांग लागायची, ते मला परवा आठवत होतं. पाठीत उसण भरली की बायका घोलवडपासून यायच्या, ओट्यावर पालथ्या पडायच्या आणि तू उजव्या पायाने तीनदा लाथ टेकवायचास. आईला त्याचा केवढा अभिमान. मी एकदा विचारलं होतं, मी का नाही, तर ती म्हणाली, "तू डोक्याने आलीस, तो पायाने आला." तेव्हा तू सात वर्षांचा होतास, तुझं वजन चाळीस पौंडही नसेल. त्या पायाने कुणाचं काही बिघडणं शक्य नव्हतं. पुढे रिवाज तोच राहिला, वजन बदललं. हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्या तरी यायला हवं होतं.

ऑगस्टच्या सुरुवातीला आईने मासळीची पाटी डोक्यावरून उतरवली आणि ती वाकली तशीच राहिली. पडली नाही, घसरली नाही. मी तिला डहाणूला आमच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर त्या दिवशी ठाण्याला गेले होते. मी एक्स-रेचे दोन फोटो काढले, एक उताणं झोपवून, एक कुशीवर. आमचं मशीन छातीच्या फोटोंसाठी ठीक आहे. कमरेला आडव्या बाजूने जास्त ताकद लागते आणि त्या दिवशी विजेचा दाब कमी होता. फिल्म करडी आली. फोटो काढणं माझं काम, वाचणं डॉक्टरांचं, हे मुंबईला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. पण बाकावर बसलेल्या बायकांना आई सांगत होती, "माझी वेणू काढते पण आणि वाचते पण." मी ओली फिल्म उजेडासमोर धरली आणि म्हणाले, काही मोडलेलं नाही, उसण आहे. एक मणका पुढे जरा उतरता दिसला होता. आईला कुशीवर सरळ झोपता येत नव्हतं, म्हणून तो तिरका दिसतोय, असं मी धरलं. फिल्म पाकिटात घातली. डॉक्टर आल्यावर दाखवली नाही.

पुढचं तुला माहीत आहे. नारळी पौर्णिमेला तू दोन दिवसांसाठी आलास. आई ओट्यावर पालथी पडली. तू माझ्याकडे पाहून विचारलंस, "देऊ ना गं पाय?" आणि मी म्हणाले, दे, फोटोत काही नाही. ती खालून ओरडत होती, "जोर दे रे, बायकांसारखा काय टेकवतोस!" मग तो आवाज झाला. तिघांनीही ऐकला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तू चहा न घेता गेलास. ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनी दुसरा फोटो काढायला लावला. तोच मणका पुढून आणखी बसला आहे आणि त्याच्या खालचा मध्यातून खचला आहे. उपाय म्हणजे पडून राहणं, कॅनव्हासचा पट्टा, चुन्याच्या गोळ्या. दुखणं थांबवणारं त्यात काही नाही. आई मला म्हणते, "अगो, हाडाचा फोटो काढलास, दुखण्याचा कधी काढणार?"

डिसेंबरात तलासरीकडच्या पाड्यावरून तानी नावाच्या म्हातारीला तिच्या मुलांनी झोळीतून आणलं. मी नेहमीचा प्रश्न विचारला, पडलात का? "पडले नाय बाय, हंडा उचलला." मी कागदावर लिहिलं: इजा नाही. डॉक्टरांनी ते खोडलं. आधी त्यांना क्षयाची शंका होती. मग त्यांनी मला बोलावून फिल्म दाखवली. क्षय दोन मणक्यांमधली फट खातो; इथे फट स्वच्छ होती आणि मणकाच पुढून पाचरीसारखा बसला होता. म्हणाले, म्हातारपणी हाडातला चुना जातो, मग मोडायला पडावं लागत नाही, शिंक पुरते. नुसत्या नजरेवर जाऊ नकोस, पुढची आणि मागची कड मोजून बघ. त्या संध्याकाळी मी आईचं पाकीट काढलं. चार ऑगस्ट. कर्कटक घेऊन मोजलं. मागची कड सत्तावीस मिलिमीटर, पुढची एकवीस. मी पाच वेळा मोजलं. सहाव्यांदा मोजायची हिंमत झाली नाही.

ही फिल्म पुठ्ठ्याच्या नळीतून वेगळी पाठवते आहे. दुमडू नकोस. खिडकीसमोर धर, दोन्ही कडांना मी लाल पेन्सिलीने खुणा केल्या आहेत आणि कोपऱ्यात शिशाच्या आकड्यांची तारीख उमटली आहे. तू इंजिनांची मापं घेतोस, हेही घे, माझ्या शब्दावर राहू नकोस. मणका मोडला तेव्हा तू वेरावळला होतास. तुझ्या पायाने तो किती जास्त बसला, खालचा त्यानेच खचला का, हे कुठलीही फिल्म सांगणार नाही आणि मी खोटं लिहिणार नाही. पण मोडलेल्या पाठीवर पाय दे असं तुला मी सांगितलं. पाच महिने जे तू एकटा घेऊन बसला आहेस, ते माझं आहे. हे डिसेंबरातच लिहायला हवं होतं. आता लिहिते आहे, कारण आई रोज तुझा पाय मागते आहे. आवाज तिनेही ऐकला होता, तरी मागते. गेल्या आठवड्यात मी म्हटलं, मी टेकवते. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तुझा नको गो. तू डोक्याने आलीस." दादा, ये. तिला पालथं करायचं नाही, कुशीवरच राहू दे. दोन्ही हातांनी खिडकीचे गज धर, सगळं वजन डाव्या पायावर ठेव आणि उजवा तिच्या पाठीला नुसता लाव, चाळीस पौंडांच्या मुलाने लावावा तसा. तीनदा. ती जोर दे म्हणेल. देऊ नकोस. मी शेजारी उभी राहीन, आणि या वेळी दे म्हणणार नाही.

तुझीच,
वेणू