मैलापूरच्या घरासाठी शिफारस

घाटकोपर,
१७ नोव्हेंबर १९५५

प्रिय मृणालिनी,

तुझं पत्र मंगळवारी आलं. मैलापूरचं घर हातचं गेलं, जयवंतभावोजी तिथे लॉजमध्ये राहणार आणि तू दोन्ही मुलांना घेऊन अठ्ठावीस तारखेला मद्रासहून माझ्याकडे यायला निघणार, हे वाचलं. दोन दिवस ते पत्र मी पिठाच्या डब्यामागे ठेवलं होतं. आज हे कचेरीत गेले, सासूबाई देवळात गेल्या, तेव्हा कुठे उत्तराला बसले आहे. तू म्हणशील, माणिकला उत्तराला दोन दिवस लागले म्हणजे ती तापाने फणफणली असणार. तसं काही नाही गं. मी ठणठणीत आहे. इथलं सगळंही तसंच आहे. आठ बिऱ्हाडांत एक नळ आणि त्याच्यावरची तीच भांडणं. फक्त माझी बादली धरून ठेवायला आता कुणी नसतं.

आठवतं, आपण दोघी शनिवारी दुपारी मुलुंडला जायचो? नवीन बांधकाम दिसलं की शिरायचं आत, मालकाला विचारायचं, आणि त्याने पागडीचा आकडा सांगितला की चेहऱ्यावर काही न दाखवता, घरी विचारून सांगतो म्हणून बाहेर पडायचं. कोपऱ्यावर आलो की तू पोट धरधरून हसायचीस. दोन ब्लॉक घ्यायचे, शेजारीशेजारी, आणि मधल्या भिंतीला एक खिडकी ठोकायची, म्हणजे आमटीची वाटी इकडून तिकडे देता येईल. खिडकी कुठल्या उंचीवर हवी यावरून आपण एकदा भांडलोही होतो. मला ती खिडकी खरीच वाटायची, मृणाल. तुला वाटत होती की नाही, कोण जाणे.

मग भावोजींची बदली झाली आणि तुझी मद्रासची पत्रं यायला लागली. पहिली दोन रडकी होती. दोन महिने लॉजच्या एका खोलीत, घर मिळेना, भाषा कळेना, मराठी बोलायला माणूस नाही. ती मी पुन्हा पुन्हा वाचली. तिसऱ्या पत्रात सुगंधा आली. तंजावरकडची मराठी, तिचं जुन्या वळणाचं बोलणं ऐकून तुला हसू येतं, पण माणूस सोन्यासारखं. मग काय, सुगंधाने घर दाखवलं, सुगंधाने मालकांना पटवलं. चार खोल्या! माजघरात पितळी कड्यांचा झोपाळा, मागे विहीर, दारात मालकीणबाई रोज पहाटे तांदळाच्या पिठीची रांगोळी घालतात, आणि समुद्र इतका जवळ की खिडकीचे गज वाऱ्याने चिकट होतात. आणि शेवटी तू लिहिलंस, सुगंधाला बाजूचंच घर मिळेल असं वाटतंय, मधे नुसतं कुंपण.

जळले मी. सरळच सांगते. सासूबाईंनी दोनदा हाक मारली, मला ऐकूच आली नाही. चार खोल्यांचं एक वेळ सोसलं असतं, पण ते कुंपण माझ्या पोटात जे रुतलं ते रुतलंच. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत मी पोळ्या लाटत होते आणि मनात म्हणत होते, मिळू नये हिला ते घर. नाही मिळालं की येईल परत, जाईल कुठे.

त्यानंतर आठ दिवसांनी मालकांचं पत्र आलं, यांच्या नावावर. निवृत्त हेडमास्तर, काय ते अक्षर! मजकूर मात्र फार थोडा होता. भावोजींनी जुने शेजारी म्हणून यांचं नाव दिलंय, कुटुंब सभ्य आहे का, आणि घरात मासळी शिजणार नाही असा शब्द त्यांनी दिलाय, त्याबद्दल आपण काय सांगू शकाल. हे म्हणाले, तुझी मैत्रीण, तूच लिही, मी सही करतो. माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीला तेवढंच काम.

मी तुझी तोंड भरून स्तुती केली. लिहिलं की शांत माणसं आहेत, मुलं वळणाची आहेत, आणि बाई इतकी देवाधर्माची की सोमवारी आणि गुरुवारी घरात मासळीला हातसुद्धा लावत नाही, आणि श्रावण तर महिनाभर कडक पाळते. आपल्या चाळीत कुणाबद्दल एवढं म्हटलं की बायका लगेच हात जोडतात. यांनी वाचलं, छान लिहिलंस म्हणाले आणि सही केली. त्यांच्या खरंच काही लक्षात आलं नाही. आपण मासे खाणारी माणसं, आपल्याला न खाण्याचे वार तेवढे मोजायची सवय. उरलेले पाच हेडमास्तरांनी मोजले.

दोन दिवस मीही स्वतःला तेच सांगत होते, की चूक झाली, भोळेपणाने झाली. पण भोळी मी नव्हते. रस्त्याने कोळीण ओरडत गेली तरी मालकीणबाई दारात पाणी शिंपडतात, हे तूच मला लिहिलं होतंस, हसत हसत. ते मला पाठ होतं. ती ओळ लिहिताना माझ्या टाकाची निब थांबली होती आणि मी ती पुन्हा शाईत बुडवली. तू तिथे मासळी शिजवणार नव्हतीस, शब्द म्हणजे शब्द, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? तेवढं एक वाक्य मी लिहिलं नाही.

तुझं मंगळवारचं पत्र वाचून मला आधी आनंदच झाला, हेही ऐकून ठेव. तुझ्या ट्रंकेसाठी मी खाटेखालची जागा रिकामी केली. मग पुढचं पान वाचलं. भावोजी म्हणतात की तूच मालकीणबाईंजवळ काहीतरी बडबडलीस, तुझ्या जिभेने घर घालवलं, आणि पंधरा दिवस ते तुझ्याशी धड बोललेले नाहीत. खाली तू लिहिलंयस, मी काही बोलले नाही गं माणिक, पण आता मलाच वाटायला लागलंय की बोलले असेन. हे वाचलं आणि ते पत्र मी पिठाच्या डब्यामागे सारलं.

म्हणून लिहिते आहे. हे पत्र वाचून फाडू नकोस, ते भावोजींच्या हातात दे. तू काहीच बोलली नव्हतीस. हेडमास्तरांना मी आज वेगळं पत्र घातलंय, खालची सही या वेळी माझी आहे; घर अजून रिकामं असलं तर सुगंधाला सोबत घेऊन त्यांना भेट, तिचं ते ऐकतील. आमच्या यांना अजून काही सांगितलेलं नाही, संध्याकाळी सांगणार आहे. हे वाचल्यावर भावोजी तुला माझ्या दारात पाऊल टाकू देणार नाहीत, मला ठाऊक आहे. तू स्वतःही टाकणार नाहीस कदाचित. तरी दे त्यांना.

तुझीच, तू म्हणू देशील तोवर,
माणिक