डावी काच

३ ऑगस्ट, रविवार

काच आडवी बसली आहे. डावी. आणि बसवली मीच!

दुपारी सासूबाईंचा चष्मा पुसायला घेतला. चष्म्याच्या दुकानात काम करते, त्या सवयीने लांब धरून खिडकीच्या चौकटीकडे पाहत जरा फिरवला — डाव्या काचेतून चौकट नको तिकडे तिरपी पळाली, म्हणजे नंबराचा कोनच चुकलेला. तीन आठवडे झाले त्यांना हा चष्मा लागून. तेवढ्यात दोनदा जिन्याची पायरी चुकल्या, परवा तर वाचनालयाच्या पायरीवर गुडघा फुटला. 'वय झालं गं आता,' म्हणाल्या. मी मलम लावत होते.

४ ऑगस्ट

'स्क्रू आवळून आणते' म्हणून चष्मा दुकानात नेला. मशीनवर पाहिलं. शंकाच नको.

आमच्याकडे नियम आहे — जिने काच बसवली तिने तपासायची नाही, दुसरीने तपासायची. हा चष्मा केला त्या दिवशी म्हटलं, घरचाच चष्मा, कशाला त्या भिंगबाईची बोलणी खा! (भिंगबाई म्हणजे आमची तपासणारी. केसभर चुकलं तरी दुकानभर ऐकवते.) बसवणारीची नि तपासणारीची, दोन्ही सह्या मीच ठोकल्या.

जेवणाच्या सुट्टीत नवी काच घासून बसवली. संध्याकाळी चष्मा त्यांच्या हातात दिला. 'आवळला हं स्क्रू.' किती सहज निघालं तोंडातून!

६ ऑगस्ट

फरक नाही. आज चहा कपाच्या बाहेर ओतला. नवरा म्हणाला, 'आई, तू राहू दे आता.' त्या फडक्याने टेबल पुसत राहिल्या. मी मान खाली घालून बिस्किट खात होते. लाज वाटते स्वतःची.

काच तर आता अचूक आहे. मग? त्यांचा धीरच खचवला असेन मी.

८ ऑगस्ट

वाचनालयाची किल्ली परत देणार म्हणतात. रविवारी! सासरे गेल्यापासून अकरा वर्षं ते वाचनालय त्याच चालवतात. दुसरं आहे काय त्यांना? 'कुणाच्या डोक्यात पुस्तकं पाडण्यापेक्षा बरं,' म्हणून हसल्या.

तेव्हाच सांगायला हवं होतं. जीभ रेटेना. या घरात मी कधी न चुकणारी. नवऱ्याच्या चुका काढण्यात माझा हात कोणी धरणार नाही. आता कोणत्या तोंडाने सांगू?

९ ऑगस्ट

नणंदेचा फोन. 'वहिनी, तू आहेस म्हणून आईचा घोर नाही.' फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन रडले. नळ सोडून, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. रडण्यातही लपवाछपवी!

१० ऑगस्ट, रविवार

सांगितलं.

किल्ली रुमालात बांधून त्या चपला घालत होत्या. मी दारात आडवी झाले. 'आई, थांबा. तुमचं वय नाही, माझं काम चुकलं. काच मी आडवी बसवली. तपासून घेतली नाही. कळल्यावर गुपचूप बदलली. तुम्ही वय वय म्हणत होतात आणि मी ऐकून घेत होते.' सगळं एका दमात.

वाटलं, आता बोलतील, चार शब्द सुनावतील. तर 'एवढं सगळं आपल्या तोंडाने सांगितलंस?' म्हणाल्या. चपला काढल्या, खोलीत गेल्या, दार लावून घेतलं. जेवायलाही आल्या नाहीत. नवरा विचारतोय काय झालं. त्यालाही सांगितलं.

नसतं सांगितलं तर बरं झालं असतं का? माहीत नाही.

११ ऑगस्ट

सकाळी ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. 'तू काच कशीही बसवली असतीस तरी मला तेवढंच दिसलं असतं. डावा डोळा गेल्या थंडीपासून अंधुक होता, आता काहीच दिसत नाही. तुमच्या दुकानात नंबर काढताना उजव्याने वाचलेली अक्षरं डाव्याच्या वेळी तशीच म्हणून दाखवली. भीती वाटत होती गं.'

साडेअकराला डोळ्यांचे डॉक्टर. दोघी निघालोय.