खदानीतल्या शिंगटीचं चिलखत

बरणी क्रमांक सतरामधला मासा, खदानीतली काटेरी शिंगटी, चिमट्याने बाहेर काढला आणि त्याचा काटा बोटाने दाबला. तो मोडला नाही, वाकला. हे दोघाही साक्षीदारांनी पाहिलं. सुषमाने नाकाला पदर लावला. मुकेश म्हणाला, "मौसी, विल तो मकान का होता है. मछली का कौन करता है?" त्याला बसायला सांगून पुढे लिहिते.

मी, यशोधरा सुदाम रोकडे, वय ६७, कॉलेजातली निवृत्त प्रयोगशाळा परिचर, राहणार उल्हासनगर कॅम्प नं. ३. फॉर्मेलिनने नाक गेलं, डोकं शाबूत आहे. आज माझ्यावर कुणाचा दबाव नाही. होता तेव्हाचं कलम ३ मध्ये आहे.

१. राहती खोली मुलगा महेंद्र याला. माझ्या बरण्यांना तो लोणचं म्हणतो. खोली घ्यावी, बरण्यांना हात लावू नये.

२. चाळीस बरण्या, जाळं, चिमटे आणि मापाची पट्टी भाची पायल हिला. ती प्राणिशास्त्र शिकते.

३. या बरण्यांबद्दल. वीस नदीतल्या शिंगटीच्या, वीस चिखलोलीच्या जुन्या खदानीतल्या. खदानीत फक्त पावसाचं पाणी, चुना जवळजवळ नाही. आमच्या विभागप्रमुख सरांचं म्हणणं असं : हाडाला चुना लागतो, तो नसलेल्या पाण्यात जाड काटे आणि डोक्यावर हाडाची ढाल करणारा मासा मागे पडतो, हलक्या चिलखताचा लवकर वाढतो, आणि पुढच्या पिढ्या त्याच्याच होतात. थंड देशांत समुद्रातून तळ्यात अडकलेल्या बोटभर माशांत हे दिसलं आहे. कल्पनेत खोट नव्हती.

फॉर्मेलिन हळूहळू आंबट होतं आणि हाड खातं. म्हणून तो आंबटपणा मारायला बरणीत संगमरवराचे तुकडे टाकतात. लादीच्या दुकानातून आणलेले तुकडे नदीच्या वीस बरण्यांत संपले. खदानीच्या बरण्यांत मी टाकले नाहीत. पुन्हा जायचा कंटाळा केला. चार महिन्यांनी त्या उघडल्या तर सगळे मासे मऊ. सर आनंदले.

मी त्यांना तुकड्यांचं सांगितलं. ते म्हणाले, "रोकडेबाई, तुमचं काम बरण्या पुसायचं." त्यांचा लेख छापून आला. सत्कारात मला शाल मिळाली. पुढच्या महिन्यात त्यांच्या सहीने मी नोकरीत कायम झाले. त्या पगारावर महेंद्र शिकला. सरांची मला किळस येते. ऑर्डर घेताना मी त्यांच्या पाया पडले होते, त्याची जास्त येते.

४. शाल सुषमाने फरशी पुसायला न्यावी.

५. खदान उद्या बुजवणार आहेत. ती बुजली की आमचं खोटं तपासायला ताजा मासा उरणार नाही. पायलने आणि मी उद्या उजाडताच जाळं टाकायचं, ताजे मासे मोजायचे आणि आकडे कलम ३ सकट कॉलेजला, आणि लेख छापणाऱ्यांना पाठवायचे. मी मेल्यावर नाही, उद्याच. सर हयात आहेत, मीही आहे.

६. सहा मासे जिवंत ठेवून बोअरच्या जड, चुना असलेल्या पाण्यात त्यांची पिल्लं वाढवावीत. पिल्लांना चिलखत आलं तर फरक फक्त पाण्याचा. नाही आलं तर वंशच बदलला.

स्थळ : उल्हासनगर. दिनांक : १२ मार्च २०२५.
सही : य. सु. रोकडे
साक्षीदार : १. सुषमा विकास गायकवाड २. मुकेश लालवानी

दि. १३, सकाळ. खदानीत तेवीस शिंगट्या मिळाल्या. एकोणीस जणींचे काटे नदीतल्यांच्या निम्मे, ढाल नखाएवढी. तिथवर सरांचं म्हणणं बरोबर निघालं. पायलने विचारलं, "आत्या, मग कलम तीन खोडायचं ना?" मी नाही म्हटलं; मासे खरे निघाले, बरण्या खोट्याच. सहा मासे बादलीत घेतले. साडेनऊला भरावाचा पहिला डंपर आला. कॉलेजचं आणि लेख छापणाऱ्यांचं, दोन्ही पाकिटं आम्ही अंबरनाथच्या पोस्टात टाकली.