हनुवटीखाली बोर

सोमवार, २ डिसेंबर १९५७

व्यायामाच्या तासाला हत्तीची चाल झाली, बेडकाची झाली, खेकड्याची झाली. आज कोलांटी उडी काढली — आणि सगळा वर्ग अडला!

गंमत अशी, की याच मुली शाळेमागच्या चिंचेवर सरसर चढतात. वच्छला तर पार शेंड्यावर जाऊन बसते. खेकड्यासारखं उलटं चालण्यातही सगळ्यांच्या पुढे तीच. पण "हात टेक, डोकं आत घे, गोल हो" म्हटलं, तर वाकली, थांबली आणि मान ताठ ठेवूनच खाली बसली. म्हणाली, "बाई, मान वयतच नाई."

मी मानेला हात लावून पाहिला. भीती नव्हती. मान खरंच वळत नव्हती!

घरी येताना नदीच्या वाटेवर ती पुन्हा दिसली. डोक्यावर एकीवर एक घागरी, हात मोकळे, थेंब सांडत नव्हता. आणि मला एकदम कळलं. लहानपणापासून या मुली मान सरळ ठेवायला शिकल्या. तीच मान मी एका तासात छातीला लावायला सांगते आहे. बाकीच्यांचंही असंच असेल का? विचारायला हवं.

४ डिसेंबर

विचारलं. तसंच आहे! एक जरीना सोडून. तिच्या अंगणात विहीर आहे. तिची मान पहिल्याच दिवशी वळली होती.

अमरावतीच्या व्यायाम-शिक्षणाच्या उन्हाळी वर्गात हनुवटीखाली रुमाल धरायला लावत, म्हणजे डोकं आपोआप आत राहतं. इथे रुमाल कुणाकडे? बोरं मात्र सगळ्यांच्या ओच्यात. मग नियम केला — हनुवटीखाली बोर धरून कोलांटी मारायची. पडलं तर ते पुढचीचं.

निम्मा तास खाण्यातच गेला. वच्छला सगळी बोरं हरली. तिनं एक उसनं मागितलं, डोळे घट्ट मिटले — आणि गोल झाली! उठली तेव्हा बोर जागेवर होतं. डोळे हे एवढे. "बाई! आभाय खाली गेलतं!"

हे वाक्य विसरायचं नाही म्हणून लिहून ठेवते. आणि एक गोष्ट, जी या पानाशिवाय कुणाला सांगितलेली नाही. मी स्वतः कोलांटी उडी कधीच मारलेली नाही. अमरावतीला मी नेहमी धरणारी. दुसरीच्या मानेखाली हात द्यायचा, "शाबास" म्हणायचं. गोल साडी सुटेल म्हणून माझी पाळी मी दुसरीला देत असे. आभाळ खाली जातं म्हणजे कसं जातं, मला ठाऊक नाही!

५ डिसेंबर

कोलांटीची गादी गेली. तांदळाच्या पोत्यांत तणस, म्हणजे भाताचा पेंढा, भरून शिवली होती. पाटलांच्या बैलांनी पोती फाडून सगळं खाल्लं. त्यांचा गडी म्हणतो, "बाई, बैलाले काय समजते, व्यायामाचं तणस कोनतं न खायाचं कोनतं?"

७ डिसेंबर

वाईट झालं.

आज भिंतीला पाय लावून हातांवर उभं राहायचं होतं. फक्त जरीनाच करणार होती, कारण ती सलवार घालते. बाकीच्या परकरवाल्या. जरीना झकास उभी राहिली, वेणी मातीत लोळत होती. वच्छलाला दम निघाला नाही. मी वळेपर्यंत तिनं पाय वर टाकले, आणि परकर सगळा तोंडावर!

नेमकी त्याच वेळी तिची आई, रुखमाबाई, डोक्यावर धानाचा भारा घेऊन कुंपणापलीकडून चालली होती. भारा तिथेच टाकला.

"काऊन वो बाई! पोरीचे पाय आभायात न डोस्कं मातीत! हे शिकवता काय तुमी? उद्या सोयरिकीले लोक येतीन, त्याईले काय सांगू? पोरगी कोलांट्या मारते म्हनून?"

मी म्हटलं, शरीर घडलं की मन घडतं. व्याख्यानात ऐकलेलं. तोंडातून बाहेर पडतानाच पोकळ वाटलं.

"शरीर घडवाले चार दिस धान कापाले पाठवा," रुखमाबाई म्हणाली. हात धरून वच्छलाला घेऊन गेली. दप्तर इथेच राहिलं.

९ डिसेंबर

वच्छला आली नाही.

वैरागडे हेडमास्तरांनी बोलावलं. माणूस वाईट नाही, भित्रा आहे. "बाई, आणखी दोन पोरी घरी बसल्या तर जनपद सभेचे अधिकारी मलाच विचारतील. व्यायामाचा तास राहू द्या. शिवण घ्या. शिवणाला कुणाची तक्रार नसते."

तास जाईल याचं दुःख आहेच. पण तासासाठी वच्छलाची शाळा गेली तर? माझे बाबा सुतार. त्यांनाही लोक म्हणत होते, पोरीला कॉलेजात कशाला धाडता. ते रंधा मारत राहिले. मी बी.ए. झाले ती दुसऱ्याच्या मुलीची शाळा सोडवायला नाही.

संध्याकाळी जरीनाचे अब्बा, नूर मोहम्मद शिंपी, दुकानातून हाक मारून म्हणाले, "बाई, फिकर कायले करता? म्हनाल तं सगळ्याईले सलवारी शिवून देतो. कपडा तेवढा आना." जरीना मागून ओरडली, "अन् नाड्या मी ओवते!"

मला पटलं. चटकन पटलं!

१० डिसेंबर

मी निरोप धाडला, तशा आया शाळेत आल्या. सलवारीचं नाव काढलं आणि गलका झाला. एक म्हणाली, "आमच्या पोरीनं सलवारी घालाच्या? न् लग्नात काय, पायजमा?" सगळ्या हसल्या, जरीनाची आईही. मग ती म्हणाली, "मी काई जबरदस्ती करून नाई राह्यली, बाई. तुमचे परकर तुमाले लखलाभ."

रुखमाबाई हसली नाही. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "सलवार राहू द्या. तुमी कोलांटी मारून दाखवा आदी. तुमची मान मोडली नाई तं आमच्या पोरीची मोडनार नाई. न् लाज गेली तं तुमचीबी जाईन."

 हेडमास्तर छताकडे बघत होते.

"उद्या," मी म्हटलं.

का म्हटलं!

बुधवार, ११ डिसेंबर

गोल साडीत कोलांटी होत नाही, हे मला अमरावतीपासून माहीत. सकाळी पेटी उघडली. तळाशी आईनं दिलेलं नऊवारी लुगडं, घडी न मोडलेलं. कॉलेजच्या वसतिगृहात पहिल्या आठवड्यात मुली माझ्या कासोट्याला हसल्या होत्या. तेव्हापासून गोल साडी. वाटलं होतं बांधता येणार नाही. पण बोटं विसरली नव्हती! निऱ्या, मग त्यांचं टोक पायांमधून मागे घेऊन कमरेला घट्ट. दोन पावलं टाकली आणि जागेवरच थांबले. आई असाच कासोटा मारून चिखलात दिवसभर वाकून धानाची रोवणी करते. रुखमाबाईही. इथल्या सगळ्या आया! वाकायचं, बसायचं, बांध ओलांडायचा, आणि लाज जागच्या जागी. मग मुलींचा परकर? तोही असाच पायांमधून घेऊन खोचता येईल. सलवारीला कशाला धावले मी?

पाटलांच्या गड्यानं तणस पसरून दिलं. "बैलाची भरपाई," म्हणाला.

आया ओट्यावर रांगेत. मी हनुवटीखाली बोर धरलं. हात टेकले.  धरायला कुणी नव्हतं — मला धरता येतं म्हणून सगळे समजत होते मला कोलांटी मारताही येते. ढकललं स्वतःला आणि कडेला कलंडले, भोपळ्यासारखी! मुली खिदळल्या. कुणीतरी म्हणालं, "अगाई, पडली वो!" तोंडात तणस.

जरीना धावत आली. न विचारता माझ्या मानेखाली हात दिला आणि माझ्याच आवाजात म्हणाली, "घाबराचं नाई. मान आत. शाबास."

दुसऱ्या वेळी गेले. पाठ, कंबर, पाय — आणि उभी! बोर फुटलं होतं, पण पडलं नव्हतं. आभाळ खाली जातं की नाही ते बघायचं राहिलंच, डोळे मिटले होते.

टाळ्या नाहीत. आया उठल्या, पदर झटकले. परकर कसा खोचायचा ते मी घाईघाईनं जरीनाच्या धाकट्या बहिणीवर दाखवलं; खालच्या वर्गातली ती अजून परकरच घालते. किती जणींनी पाहिलं देव जाणे. रुखमाबाई जाताना एवढंच बोलली, "कासोटा बरा बांधता."

१२ डिसेंबर

वच्छला नाही. आणखी चौघी नाहीत.

१३ डिसेंबर

वर्गात जरीना आणि तिच्याजवळ येऊन बसलेली तिची बहीण. बस्स. हेडमास्तरांनी शिवणयंत्राची धूळ पुसून घेतली. त्यांचा राग आला नाही, स्वतःचाच आला. काय हौस होती मला पोरींना उलटं करायची?

तणस गोळा करून कोपऱ्यात लावलं.

रविवार, १५ डिसेंबर

दुपारी वच्छला हाका मारत आली. "बाई, आईनं बलावलं. खळ्यावर." मी विचारलं, शाळेचं काय? "धान चुरनं होतं नं बाई. सगळ्याईच्या घरी. उद्या येतो आमी." आणि पळाली. मळणी होती तर!

खळ्यावर बैल सोडलेले होते. तणसाचा हा मोठा ढीग, आणि ढिगावर आया! कासोटे घट्ट मारून ओळीनं उभ्या. मुली दोन्ही बाजूंनी धरायला. "मान लपव, मावशे! अशी नाई, अशी!" एक घरंगळली, एक नुसतीच बसून हसत होती.

रुखमाबाई कडेला उकिडवी बसलेली. हनुवटीखाली बोर, त्यामुळे दात आवळून बोलली, "बाई, तुमी धरा मले. हे वच्छी हासून राह्यली, हिचा भरवसा नाई."

मी मानेखाली हात दिला. ताठ होती. घागरींची मान! मग हळूच वळली, आणि रुखमाबाई गोल झाली.

ती उठली नाही. तणसातच पडून वर बघत राहिली. मग म्हणाली, "खरंच सांगत होती पोट्टी. आभाय खाली जाते."