पान उलट, कळेल

४ मार्च
जपानी कादंबरीची दहा पानं वाचली. डोकं भणभणलं. एक मासा टाय लावून बँकेत नोकरीला जातो आणि कुणाला त्याचं काही वाटतच नाही! जपानी लोक हुशार म्हणे. असतील.
हॉस्पिटलात शेवटचे एकोणीस दिवस हेच पुस्तक बायकोच्या हातात होतं. पिशवीतून परत आलं — पुस्तक, कंगवा, शाल. चष्मा तेवढा नाही. मीच बनवलेला होता. तिथेच कुठेतरी हरवला असणार.

५ मार्च
पान ३१. तिनं सांगितलेला तो माणूस अजून आला नाही.

८ मार्च
लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन. रोज संध्याकाळी चष्म्याचं दुकान बंद करून मी तिच्याकडे जायचो. ती पुस्तक उघडून त्यातली गोष्ट सांगायची. एक बाई रोज थोडी थोडी दिसेनाशी होते. आधी बोटं, मग हात. नवरा रोज समोर येऊन बसतो, विचारतो, "जेवलीस का?" त्याच्या काही लक्षातच येत नाही.
एकदा म्हणाली, "अहो, सांगा ना, त्याला कधी कळलं असेल?"
मी दमलो होतो. म्हटलं, "मला काय विचारतेस? पान उलट, कळेल."
हसली. पान उलटलं.
दुसऱ्या दिवशी तिची वाचा गेली.
तेवढं एक शोधायचंय. त्याला कळलं की नाही.

११ मार्च
मेहुणी आली होती, तिच्या ताईचे कपडे आवरायला. मला वाचताना बघून दारातच थबकली. "भावोजी, तुम्ही आणि कादंबरी! ताई असती तर चक्कर येऊन पडली असती."
मग कपाट उघडून साड्या काढायला लागली.

१५ मार्च
पान १४०. नुसता वैताग. समुद्राची घडी घालून कपाटात ठेवतात! फेकून द्यावंसं वाटलं.
पण एक म्हातारी आहे — मेलेल्या नवऱ्याचे बूट रोज दाराबाहेर ठेवते, आणि सकाळी ते ओले असतात. ते पान दोनदा वाचलं.

२१ मार्च
संपलं. तो माणूस नाही. ती बाईही नाही! पानांचे आकडे पहिल्यापासून तपासले. एकही गहाळ नाही.
मेहुणीला फोन केला. "दुसऱ्या कुठल्या पुस्तकातलं सांगितलं असेल हो ताईनं."
तिच्याजवळ दुसरं पुस्तक नव्हतं.

२४ मार्च
दुकानातला दुरुस्तीचा खण आवरला. तळाशी एक पाकीट. वर माझंच अक्षर — 'घरचा. दांडी सैल.' तारीख, ती हॉस्पिटलात गेली त्याच्या आदल्या दिवशीची.
तिचा चष्मा.
जवळचा नंबर साडेतीन. त्याच्याशिवाय तिला पुस्तकातलं एक अक्षर दिसायचं नाही. एकोणीस संध्याकाळी मी तिच्या तोंडासमोर बसलो होतो.
स्क्रू बसवला. दोन मिनिटांचं काम होतं.